ताईंची पद्धत

शिंपीकाकांची दोन्ही मनगटं मऊ पट्ट्यानं एकमेकांना बांधून ताई म्हणाल्या, "हं, आता चांगल्या हातानं दुसऱ्याला ओढत वर न्या."

पक्षाघातानं काकांचा उजवा हात, कात्री धरायचा हात, लुळा पडला होता. डावा वर गेला की उजवा त्याच्यामागून फरफटत जाई. ही रीत ताईंची स्वतःची. रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागाच्या त्या प्रमुख होत्या आणि 'ताईंची पद्धत' शिकायला बाहेरगावचे लोकही येत.

दारात मोजपट्टी येऊन उभा होता. तसा तो विद्यापीठातला संशोधक. पण येईल त्याच्या कोपराचे नि बोटांचे कोन मोजत बसे, म्हणून विभागानं त्याचं हे बारसं केलं होतं. त्याला बोलावलं होतं ताईंनीच. "माझी पद्धत खरंच चालते का, एकदा मोजून दे." रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला ताईंची पद्धत. दुसऱ्याकडून ताईंच्या हाताखालची धाकटी थेरपिस्ट नुसत्या लुळ्या हातानं रोजची कामं करून घेई. पेला उचलायचा, बटण लावायचं. ते सगळं आता संपलं होतं. शिंपीकाका त्यानंतर आलेले.

"निकाल लागला वाटतं," ताई म्हणाल्या. "असा सुतकी चेहरा करून उभा राहू नकोस. आत ये."

"नंतर बोलू, ताई."

"बोल रे. काका काही परके नाहीत."

तो कसाबसा म्हणाला, "दुसरा गट पुढे आहे. थोडाथोडका नाही."

ताईंचा हात काकांच्या कोपराखाली तसाच राहिला.

"पण एक आहे," तो घाईनं म्हणाला. "तुमच्या गटातले काही जण मधेच यायचे बंद झाले. त्यांना वगळलं, तर दोन्ही गट जवळपास बरोबरीत येतात."

"त्यांना वगळायचं, असं आपलं आधी ठरलं होतं?"

"नाही."

"मग? माझ्यासाठी पट्टी वाकवणार होतास?"

मोजपट्टीनं मान खाली घातली. "मला बघवेना, ताई."

"तुला मोजायला बोलावलं मी. लाड करायला घरी माणसं आहेत माझ्या."

काकांना घेऊन आलेल्या काकूंनी भिंतीपाशी बसून हे सगळं ऐकलं होतं. "म्हणजे," त्या चाचरत म्हणाल्या, "यांचं चुकीचं चाललं होतं का हो?"

मोजपट्टी काहीतरी सावरून सांगायला पुढे सरला. ताईंनी त्याला थांबवलं.

"याहून चांगलं करता आलं असतं, काकू. मला माहीत नव्हतं. आत्ता कळलं."

त्यांनी पट्टा सोडला, गुंडाळून बाजूला ठेवला आणि धाकटीला हाक मारली. ती आली आणि सवयीनं काकांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"तिथे नको. इथे माझ्याजवळ बस. मला शिकव."

"मी? तुम्हाला काय शिकवणार, ताई..."

"तुझे पेशंट पुढे गेलेत ना? मग आता लाजतेस कशाला?"

धाकटीनं टेबलावर पाण्याचा पेला ठेवला. काकांचा उजवा हात त्याच्या दिशेनं सरपटत निघाला आणि वाटेतच अडला. ताईंचा हात आपसूक पुढे गेला. धाकटीनं धीर करून तो हलकेच बाजूला सारला.

"मदत नाही करायची, ताई."

ताईंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

बोटं पेल्याला लागली. पेला कलंडला, पाणी काकांच्या मांडीवर. काकू उठू लागल्या. ताईंनी नुसत्या नजरेनं त्यांना बसवलं. काका आडव्या पडलेल्या पेल्याकडे बघत राहिले.

"भरा परत," ते म्हणाले.

धाकटीनं पेला भरला. हात पुन्हा निघाला. मागे उभ्या असलेल्या मोजपट्टीला तेवढं दिसत होतं: ताईंची बोटं पाठीशी एकमेकांत गच्च अडकलेली होती.