चार सेकंदांची पाटी

काशीराम परब स्वतःच्याच नावासमोर उभा होता. काळ्या फळीवर पांढऱ्या रंगात ते ठसठशीत रंगवलेलं होतं. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती, ‘यांच्या स्मृतीस अर्पण’.

“झकास काढलंयस,” तो म्हणाला.

अनंत ओशाळला. अंधेरीच्या या स्टुडिओत सिनेमाच्या सुरुवातीची नावं रंगवायचं काम तो बारा वर्षं करत होता. पण ज्याला श्रद्धांजली वाहिली तोच माणूस पाटी बघायला यायची ही पहिलीच वेळ.

बारा दिवसांपूर्वी काशीराम सेटच्या वरच्या फळीवर दिवा फिरवत होता आणि तिथून खाली पडला. हॉस्पिटलात चौकशीला गेलेला माणूस कॉटचा नंबर चुकला. शेजारच्या कॉटवरचा गेला होता, आणि हा माणूस ‘काशीराम गेला’ असं सांगत परत आला. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या नावाची पाटी लावायचं ठरलं. काशीरामच्या जोगेश्वरीच्या चाळीत मात्र कोणी फिरकलं नाही. सिनेमा पुढच्या शुक्रवारी लागायचा होता, सगळे घाईत होते. आज सकाळी तो हात गळ्यात बांधून फाटकातून आत आला, तेव्हा कुठे खरं काय ते कळलं.

अनंतने ओलं फडकं पिळलं. मॅनेजर नंदकुमारचा हुकूम होता, चारच्या आत पाटी पुसून टाक. दिवेवाल्याचं नाव पडद्यावर येत नाही. आधी देव, मग कंपनी, मग सिनेमाचं नाव. हिरोला अख्खी पाटी, हिरॉइनला अख्खी पाटी. बाकीच्या नटांनी एकाच पाटीवर दाटीवाटीने बसायचं. शेवटी दिग्दर्शक, तोही एकटा. यात दिवेवाले कुठेच नाहीत, आणि नावं रंगवणाराही नाही. अनंतला पूर्वी याचा राग यायचा. आता रागाचाही कंटाळा आला होता.

“एक पाटी किती वेळ दिसते रे?” काशीरामने विचारलं.

“चार सेकंद.”

काशीरामने ओठ हलवत मनातल्या मनात काहीतरी मोजलं.

“मग पुसू नको,” तो म्हणाला आणि स्टुलावर बसला. बसताना बरगडी दुखली असावी, त्याने कुशीवर हात दाबला. “लग्न झाल्यापासून रुक्मिणीला सांगत आलोय, माझं नाव येतं म्हणून. तिला कुठे वाचायला यायचं! दाटीची पाटी आली की मी बोट दाखवायचो, तो बघ मी, मधल्या ओळीत. ती बसल्या जागी हात जोडायची रे.”

“मग आता काय झालं?”

“चाळीत बायकांचा साक्षरतेचा वर्ग निघाला ना! वाट लागली माझी. आता कॅलेंडर वाचते, साबणाचा कागद वाचते. एकेक अक्षर लावत बसते. गेल्या सिनेमाला म्हणाली, तुमचं नाव सापडलं नाही. म्हटलं, भरकन गेलं. तर म्हणते, पुढच्या खेपेला अगदी पुढे बसूया.”

तो हसला, पण ते हसणं फार थकलेलं होतं.

“रागावली तर चालेल रे. पण ती रागावणार नाही. तिला माझी दया येईल. तेवढं मला सोसवायचं नाही.”

अनंतच्या हातातलं फडकं टपटप गळत होतं. तेवढ्यात नंदकुमार आला.

“अजून पुसलं नाहीस?”

काशीराम उठून उभा राहिला. “साहेब, जिवंतपणी लावाल माझं नाव?”

“तशी पद्धत नाही.”

“मग मेलो असंच राहू द्या.”

नंदकुमार भडकला. “आणि तू इथे दिवे फिरवत हिंडणार? मालकांचं हसं करायचंय का? पाटी राहिली तर या फाटकात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. बघ, काय हवंय तुला.”

काशीरामने मान वर केली. छताखाली त्या अरुंद फळ्या होत्या. एकवीस वर्षं तो तिथे वावरला होता, वरूनच जेवणाचा डबा सुतळीने ओढून घेत होता. कोणत्या फळीचा खिळा सैल आहे हे त्याला पाठ होतं. तरी पडला होता.

“नाही टाकणार पाऊल,” तो म्हणाला.

नंदकुमार खांदे उडवून निघून गेला.

अनंतने फडकं बादलीत टाकलं. पाटी कॅमेऱ्यासमोर उभी केली, कॅमेरामनला हाक मारली. हाक मारली आणि त्याच्या एकदम लक्षात आलं.

“अरे वेड्या, वहिनी तुझ्याच शेजारी बसून वाचणार ना? खाली स्मृतीस अर्पण लिहिलंय. जीव जाईल तिचा!”

काशीराम पाटीजवळच्या दिव्यापाशी गेला. धड असलेल्या हाताने तो त्याने जरासा वर वळवला. उजेड बरोबर नावावर पडला.

“माझ्या नावाची अक्षरं लावतानाच तिचे चार सेकंद संपतात,” तो म्हणाला. “खालच्या ओळीपर्यंत ती अजून पोचत नाही.”