पंखा गप्प झाला तेव्हा

चंद्रावरच्या तळावर मालविकाच्या लॅपटॉपने सगळ्यांना वात आणला होता. त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा आणि त्यापायी कॅरम खेळणाऱ्या पाठारेकाकांचा नेम हुकायचा. शेवटी काल काकांनी स्वतः पंखा उघडून साफ केला, तरी घरघर तसूभरही कमी झाली नाही.

आज दुपारी मात्र तो आपसूक गप्प झाला.

"बघ, आला की नाही माझ्या हाताला गुण!" काका खुशीत म्हणाले आणि त्यांनी भलीमोठी जांभई दिली.

मालविकाने वाकून पाहिलं. पंखा थांबला नव्हता. उलट कधी नव्हे इतक्या वेगाने फिरत होता.

"काका, हवा विरळ झालीय! म्हणून आवाज नाही. कुठून तरी गळतेय!"

भिंतीवरचा हवामापक सगळं ठीक असल्याचं सांगत होता. तो बिघडला असणार, म्हणून त्याच्या नादी न लागता तिने कॅरमची पावडर मूठभर उधळली. पांढरा ढग क्षणभर रेंगाळला, मग खिडकीच्या चौकटीकडे सरकला आणि केसाएवढ्या फटीत शिरून नाहीसा झाला. काकांनी धावत जाऊन तिथे चिकटपट्टी दाबून बसवली. मालविकाने राखीव हवेची तोटी पूर्ण उघडली.

दोघं श्वास रोखून ऐकत राहिले. आधी बारीक गुणगुण आली, आणि मग गिरणी पूर्ववत सुरू झाली.

"आता ह्या पंख्याला कुणी हात लावला, तर गाठ माझ्याशी आहे," काका म्हणाले, आणि त्या घरघरीत त्यांनी पहिल्याच फटक्यात राणी घेतली.