उणे चाळीसमधली ऊब

पार उत्तरेकडच्या कारासोक गावात पारा उणे चाळीसवर उतरला. एवढ्या थंडीत घर तापवणारे भलेभले हीट पंप हात टेकतात, हे दुरुस्तीवाल्या एलिफला पक्कं ठाऊक होतं. एकट्या राहणाऱ्या बोर्गहिल्ड आजी गारठल्या तर नाहीत ना, हे बघायला तो दुपारीच गेला.

घर मस्त उबदार होतं.

"आजी, पंप झकास चाललाय की!"

"मग? तुला कुणी बोलावलं होतं?"

तरी त्यानं पंपाचं घराबाहेरचं यंत्र पाहिलं. पंखा बर्फात गच्च रुतला होता. वायर तुटून लोंबत होती.

आत येऊन त्यानं भिंतीवरच्या पंपाच्या तोंडाशी हात धरला. गरम वारा आला, थांबला, मग त्याच्या बोटांवरून हळूच आत ओढला गेला. पुन्हा आला.

"हात काढ रे," आजी कुजबुजल्या. "आत्ता कुठे झोप लागलीये त्याला."