इंजिनीअरचा नंबर

"कोणी विश्वास ठेवणार नाही," मागच्या भिंतीवर थाप मारत नंदकुमारकाका म्हणाले, "पण या भिंतीपुढे खुद्द तापीमायनं हात टेकले. पुराच्या साली आपल्या राजपुऱ्यात शिरली, इथवर आली, भिंतीकडे बघितलं, अन् पाया पडून परत गेली."

सोजरबाई हसल्या. त्यांचा मुलगा ऋषिकेशही हसला. सून दीपाली मात्र भिंतीच्या ताज्या रंगाकडे बघत राहिली. तापीकाठचं केळीचं शेत विकून तिघं हे घर घ्यायला आली होती. आज बयाना द्यायचा होता.

काका त्यांना दर खेपेला शुक्रवारीच बोलवत. लक्ष्मीचा वार, म्हणत. शुक्रवारी भिंतीपलीकडच्या कापडाच्या कारखान्यातले लूम बंद असतात आणि बाकीचे दिवस ही भिंत थरथरते, हे केळीवाल्यांना कोण सांगणार?

"काका, एकदा इंजिनीअरकडून चेक करवून घेतलं असतं," दीपाली म्हणाली. "मग बयाना."

"काय वं माय! मोठ्या माणसाच्या तोंडावर असं बोलतात?" सोजरबाई फणकारल्या.

"बोलू द्या, ताई. शिकलेली सून आहे." काका गोड हसले. "पण सूनबाई, तुम्हाला घरात आणताना यांनी कोणाकडून चेक करवलं होतं?"

"चालून दाखवायला लावलं होतं. सगळ्यांसमोर."

ऋषिकेशनं मान खाली घातली. काका अडखळलेसुद्धा नाहीत.

"सुना चालतात, सूनबाई. घर जागेवर बसून राहतं, म्हणून तर ते घर. आणि इंजिनीअर म्हणाल, तर तोही येऊन गेला. इंदूरचा, मोठा. भिंतीला मशीन लावली, काटा हलेना. हातोडा मारला, दांडा तुटला. शेवटी भिंतीला कान लावून बसला. उठला तेव्हा डोळ्यांत पाणी. म्हणाला, काका, अशी भिंत आता बनत नाही."

"ऐकलं?" सोजरबाई सुनेला म्हणाल्या.

"जाऊ दे ना यार," ऋषिकेश दीपालीच्या कानाशी लागला. "एवढे मोठे माणूस बोलून राहिले तर."

सोजरबाईंनी नारळाला कुंकू लावलं आणि बयान्यासकट काकांच्या ओंजळीत ठेवला. काकांनी तो कपाळाला लावला. बयाना दिल्यावर माघार घेतली की तो बुडतो, आणि बुडाला म्हणून त्या भागात कोणी भांडायलाही जात नाही.

"अहो, ऐकलं का? चहा आणा!" काकांनी आत बायकोला हाक मारली.

"मग त्या इंजिनीअरांचा नंबर तरी द्या," दीपालीनं मोबाइल काढला. "वर एक खोली चढवायची आहे. भिंत वजन घेईल का, त्यांनाच विचारते."

"नंबर?"

काकांनी चेहरा पाडला.

"कुठला नंबर, पोरी. गेला तो. इथूनच निघाला, ऑटोत बसला, अन् सिंधीपुऱ्याच्या वळणावर केळीचा ट्रक उलटला अंगावर." आता त्यांना रंग चढला. "घडांखालून काढला, तेव्हा मशीन तशीच छातीशी धरलेली. तोंड ओळखू येईना. अन् रडायला कोणी नाही हो. ना आई, ना बाप. शेवटी मीच खांदा दिला."

"अरे देवा," सोजरबाईंनी डोळ्याला पदर लावला.

स्वयंपाकघराच्या दारात काकांची बायको, कुसुमबाई, चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे तसाच खाली ठेवला.

"घर विकायचं तर विका," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पण पोटच्या पोराला कशाला मारता? चेतन जिवंत आहे इंदूरला. ही भिंत पडणार म्हणाला, म्हणून तर तुम्ही त्याला घराबाहेर काढलं."