दर्ग्याखालचा सुरुंग

"भूकंप झाला न्हाई, बाबांनो. केला गेला!" निजामोद्दीनचाचांनी हातातली तसबीची माळ उंचावली.

तिसऱ्या प्रहरची असरची नमाज आटोपली होती. मशिदीच्या पत्र्याखाली लातूरच्या कोचिंग क्लासची पोरं चाचांभोवती बसली होती. त्र्याण्णवच्या भूकंपात चाचांचं गाव गेलं, बायको आबेदा घरातच गाडली गेली. तेव्हापासून त्यांचं सांगणं एकच. गावचा दर्गा दख्खनेत सगळ्यात जुना होता. त्यावरच्या शिलालेखानं भल्याभल्यांचा इतिहास खोटा पडला असता. म्हणून दुश्मनांनी जमिनीखाली सुरुंग लावून तो पुसला. त्यांचे व्हिडिओ आता पार नांदेडपर्यंत फिरत होते.

पुतण्या मुज्तबा त्याच क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. काल भूकंपलहरी शिकवताना एकानं विचारलं, "सर, खरं कारण कधी सांगणार?" अख्खा वर्ग हसला. सरांना.

आज तो मुद्दाम आला होता. "मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा," तो पोरांना म्हणाला. "एकदाचं मिटवूनच टाकू."

"या मास्तर," चाचा हसले. "तुमच्या पुस्तकात दर्गा हाय का?"

"चाचा, दर्ग्याला लागून कोंडाबाईचं कुडाचं घर होतं. ते पडलं?"

"न्हाई."

"सुरुंगानं दगडी दर्गा उडाला आणि काड्यांचं कूड राहिलं? जमीन हलली की हलकं घर डुलतं, जड घर कोसळतं. मातीत रचलेले दगड, वर माळवदाचं सपाट छप्पर, त्यावर दर साली पांढऱ्या मातीचा नवा थर. त्या ओझ्यानं माणसं मेली, चाचा. दुश्मन कोणी नव्हता."

पोरांच्या माना डोलल्या. "एक नंबर, सर," कुणीतरी म्हणालं.

चाचा आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. तसबी मांडीवर घसरली.

"आबेदा म्हणायची, बस करा, माळवदावर किती माती टाकता," ते हळू बोलले. "मी म्हणायचो, तुझ्या अंगावर पावसाचं टिपूस येऊ देणार न्हाई." त्यांनी मान वर केली. "त्या साली मी दोन थर दिले, मुज्तबा. मग ते ओझं..."

मुज्तबानं तसबी उचलून त्यांच्या हातात दिली.

"न्हाई चाचा," तो म्हणाला. "सुरुंगच होता."

समोर सगळे मोबाइल चालूच होते.