पट्टी निघाली तेव्हा

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पट्टी निघाली आणि सासूबाईंना कित्येक वर्षांनी सुनेचा चेहरा नीट दिसला. चहाचा कप घेता घेता तिच्या गळ्यावरचे काळेनिळे डागही दिसले. काही ताजे होते, काही पिवळे पडलेले.

"अगं, हे कधीपासून?" कोणी केलं, हे त्यांनी विचारलंच नाही. घरात तिसरं माणूस एकच होतं, त्यांचा मुलगा.

सुनेने ओढणी वर ओढली. "आई, अजून अंधूकच दिसतं असं सांगा त्यांना. तुम्हाला दिसतंय हे कळलं, तर ते तुम्हाला या घरात ठेवणार नाहीत. मग मी एकटी पडेन."

सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला.



मुलगा दारातच उभा होता. हात वर करून तो शांतपणे म्हणाला, "आई, सांग बरं, ही किती बोटं?"