ब्रेक माझ्या हातचा

परळच्या गॅरेजात लवू मिस्त्रीचा एक नियम होता. ब्रेकचं पेडल ज्यानं सेट केलं, त्यानंच ट्रायलच्या वेळी चालत्या गाडीसमोर उभं राहायचं. सोमवारी त्यानं एका गिरणीवाल्या शेठच्या मोटारीचं पेडल सेट केलं. पहिला अर्धा इंच सैल, आणि पुढे दगडासारखं घट्ट. मग गेटपाशी हाताची घडी घालून उभा राहिला. शेठचा ड्रायव्हर दगडू लवूच्याच गावचा. त्यानं गाडी वेगात आणली आणि वीतभर अंतरावर थांबवली.

"झकास लागतोय ब्रेक, दादा!" दगडू हसला.

मंगळवारी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. लालबागच्या नाक्यावर माणसं रस्ता अडवून उभी होती. तेवढ्यात तीच मोटार हॉर्न वाजवत आली. सगळे बाजूला पळाले, लवू तेवढा जागचा हलला नाही.

"घाबरता काय रे?" तो ओरडला. "ब्रेक माझ्या हातचा आहे!"

दोन दिवसांनी इस्पितळात त्यानं डोळे उघडले. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये होते, आणि खाटेशी दगडू मान खाली घालून बसला होता.

"माझंच चुकलं रे," लवू पुटपुटला. "पेडल आयत्या वेळी नुसतंच खाली गेलं काय? तुला काय लागलं नाही ना?"

दगडूला रडू फुटलं.

 

"शेठ मागच्या सीटवरून म्हणाले, थांबू नको. पेडलवर मी पाय ठेवलाच नाही, दादा."